प्रथिन, विषाणू आणि 'अत्यल्प अंशा'चा वाद : संसर्गाच्या आधारद्रव्याच्या शोधाचा इतिहास (१९३५–१९९७)

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात काही शब्दांनी आपल्या अर्थाहून मोठी अपेक्षा निर्माण केली. 'प्रोटीन' हा असाच एक शब्द होय. १८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ गेरार्डस मुल्डर यांनी स्वीडनच्या बर्झेलियस यांच्या सूचनेवरून तो प्रथम वापरला. ग्रीक भाषेतील 'पहिला' किंवा 'अग्रस्थानी असलेला' या अर्थाच्या शब्दापासून तो तयार झाला. मराठीत रूढ झालेला 'प्रथिन' हा प्रतिशब्दही त्याच प्रथमत्वाची आठवण करून देतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जीवसृष्टीतील बहुतेक सर्व महत्त्वाची कार्ये प्रथिनांचीच असली पाहिजेत, असा समज दृढ झाला होता. पचन, श्वसन, स्नायूंची हालचाल, रोगप्रतिकार या सर्वांमागे प्रथिने आहेत हे सिद्ध होत असताना आनुवंशिकता आणि संसर्ग या दोन गोष्टीही प्रथिनांकडेच असणार, असे मानणे स्वाभाविक होते.

रोग एका सजीवातून दुसऱ्यात जातो तेव्हा नेमके कोणते द्रव्य जाते आणि तेथे स्वतःची संख्या वाढवते, हा प्रश्न साधारण सहा दशके वादग्रस्त राहिला. १९३५ मध्ये त्याचे उत्तर 'प्रथिन' असे देण्यात आले. १९५६ पर्यंत ते बदलून 'न्यूक्लिक आम्ल' असे झाले. आणि १९८२ नंतर एका विशिष्ट रोगसमूहापुरते ते पुन्हा 'प्रथिन' असे झाले. या प्रवासाकडे पाहताना एक गोष्ट वारंवार दिसून येते. प्रत्येक टप्प्यावर वाद झाला तो नमुन्यात उरलेल्या एखाद्या अत्यल्प अंशावरून. आणि तो अंश दुर्लक्षणीय की निर्णायक हे पुष्कळदा मोजमापाने नव्हे, तर त्या काळच्या पूर्वग्रहाने ठरवले.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : विषाणूतील प्रथिनाच्या कार्याविषयीची समजूत कशी बदलत गेली हे कालक्रमाने पाहणे, या बदलांत 'शुद्धते'च्या युक्तिवादाने बजावलेली भूमिका तपासणे, आणि या वादाचे मानवी आरोग्यावर झालेले परिणाम नोंदविणे.

१. पार्श्वभूमी : गाळणीतून सुटणारा रोगकारक

या इतिहासाची सुरुवात तंबाखूच्या पानावर झाली. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये तंबाखूच्या 'मोझॅक' रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगट पानाचा रस निरोगी रोपाला टोचल्यास त्यालाही रोग होतो, हे त्यांनी दाखविले. १८९२ मध्ये रशियाच्या दिमित्री इव्हानोव्स्की यांनी हा रस जीवाणू अडविणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरीही त्याची रोगकारक शक्ती कायम राहिली. १८९८ मध्ये डेल्फ्ट येथील मार्टिनस बायरिंक यांनी हा रोगकारक जीवाणूंहून वेगळा असून तो केवळ जिवंत पेशींतच वाढतो, असा निष्कर्ष काढला आणि त्यास 'जिवंत संसर्गी द्रव' असे संबोधले. त्याच वर्षी लोफ्लर व फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचा कारकही गाळणीतून पार होतो, हे सिद्ध केले.

विषाणू जीवाणू नव्हे, एवढे यातून स्पष्ट झाले. पण तो काय आहे हे कळले नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नव्हता आणि कृत्रिम खाद्यावर वाढत नव्हता. त्यामुळे पुढील तीन दशके विषाणूची व्याख्या 'तो काय नाही' याच भाषेत करावी लागली.

२. १९३५ : स्फटिकरूप विषाणू

दरम्यान रसायनशास्त्रात एक महत्त्वाची घटना घडली. १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर यांनी 'युरिएज' हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्फटिकरूपात मिळविले आणि ते प्रथिन असल्याचे जाहीर केले. प्रारंभी या निष्कर्षाला तीव्र विरोध झाला. परंतु १९३० मध्ये रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत जॉन नॉर्थ्रप यांनी 'पेप्सिन'चे स्फटिक मिळविल्यावर तो मावळत गेला. स्फटिक म्हणजे शुद्ध पदार्थ आणि शुद्ध पदार्थ म्हणजे निश्चित रासायनिक ओळख, हा त्या काळचा निकष होता.

त्याच प्रयोगशाळेत वेंडेल स्टॅन्ली यांनी मोझॅक रोगाच्या विषाणूवर हीच पद्धत वापरली. पेप्सिनच्या क्रियेने विषाणूची रोगकारक शक्ती नष्ट होते, हे त्यांनी आधीच पाहिले होते. मोठ्या प्रमाणावर रोगट पानांचा रस काढून त्यांनी त्यातून सुईसारखे स्फटिक मिळविले. हे स्फटिक अनेक वेळा विरघळवून पुन्हा मिळविले तरी त्यांची संसर्गक्षमता टिकून राहत होती. जून १९३५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात स्टॅन्ली यांनी हा विषाणू म्हणजे जिवंत पेशींच्या सान्निध्यात स्वतःची निर्मिती स्वतःच घडवून आणणारे प्रथिन होय, असे मत मांडले.

या मताला एक समर्पक आधार होता. ट्रिप्सिनसारखे विकर आपल्या निष्क्रिय पूर्वरूपाचे सक्रिय रूपात परिवर्तन स्वतःच घडवून आणते, हे नॉर्थ्रप व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते. थोडेसे सक्रिय विकर टाकले की उरलेले सर्व सक्रिय होते. विषाणूचे वर्धनही असेच होत असावे, अशी कल्पना त्यातून पुढे आली. ही कल्पना विषाणूंच्या बाबतीत चुकीची ठरली. परंतु ती कायमची नाहीशी झाली नाही, हे पुढे दिसून येईल.

स्टॅन्ली यांच्या शोधाचा प्रभाव प्रचंड होता. सजीव आणि निर्जीव यांतील सीमारेषेवरील पदार्थ बाटलीत भरून ठेवता येतो, ही गोष्ट वैज्ञानिकांइतकीच वृत्तपत्रांनाही आकर्षक वाटली. १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक समनर, नॉर्थ्रप व स्टॅन्ली यांना विभागून देण्यात आले.

३. सहा टक्क्यांचा प्रश्न

पारितोषिकाच्या दहा वर्षे आधीच या निष्कर्षातील उणीव उघड झाली होती. इंग्लंडमधील वनस्पतिरोगतज्ज्ञ फ्रेडरिक बॉडेन व जीवरसायनशास्त्रज्ञ नॉर्मन पिरी यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल व इसिडोर फॅनकुचेन यांच्या सहकार्याने डिसेंबर १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. शुद्ध केलेल्या विषाणूत त्यांना सुमारे अर्धा टक्का फॉस्फरस आणि अडीच टक्के कर्बोदक आढळले. शुद्ध प्रथिनात या दोन्ही गोष्टी अशा प्रमाणात असण्याचे कारण नव्हते. हे घटक रायबोन्यूक्लिक आम्लाचे, म्हणजे आरएनएचे होते आणि विषाणूच्या वजनात त्याचा वाटा साधारण सहा टक्के होता.

पुढे स्टॅन्ली यांच्या प्रयोगशाळेनेही हे न्यूक्लिक आम्ल मान्य केले. परंतु त्याचे अस्तित्व मान्य होणे आणि त्याचे महत्त्व मान्य होणे यांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर पडले. ९४ टक्के प्रथिन असलेल्या पदार्थात उरलेल्या सहा टक्क्यांना आधार देणारा किंवा चिकटून आलेला घटक समजण्यात आले.

या दुर्लक्षामागे एक सैद्धांतिक कारण होते. रॉकफेलर संस्थेतीलच फीबस लेव्हीन यांच्या संशोधनातून न्यूक्लिक आम्ल म्हणजे चार घटकांची एकसारखी पुनरावृत्ती, अशी समजूत रूढ झाली होती. चारच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत असतील तर त्यातून कोणताही मजकूर तयार होऊ शकत नाही. याउलट प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात आणि त्यांच्या रचनेतील वैविध्याला अंत नाही. त्यामुळे जीवनाची विशिष्टता प्रथिनांत असणार, हे अनुमान तर्कशुद्ध भासत होते. चूक तर्कात नव्हती, ती त्याच्या एका गृहीतकात होती.

४. संशयाची दोन मापे : १९४४ आणि १९५२

याच काळात न्यूयॉर्क येथे, रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात, ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिओड व मॅक्लिन मॅकार्टी हे न्यूमोनियाच्या जीवाणूवर संशोधन करीत होते. या जीवाणूच्या निरुपद्रवी प्रकाराचे घातक प्रकारात रूपांतर घडविणारा पदार्थ डीएनए आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी त्या पदार्थाची क्षमता नष्ट होत नव्हती; डीएनए तोडणाऱ्या विकराने मात्र ती नष्ट होत होती.

यावर सर्वांत ठाम आक्षेप त्याच संस्थेतील आल्फ्रेड मिर्स्की यांनी घेतला. नमुन्यात एक-दोन टक्के प्रथिन नकळत उरले असू शकते आणि खरे कार्य त्याचेच असू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. तांत्रिकदृष्ट्या हा आक्षेप गैर नव्हता. मात्र मोझॅक विषाणूच्या प्रकरणाशेजारी तो ठेवला असता एक विसंगती दिसते. तेथे प्रत्यक्ष मोजलेले सहा टक्के न्यूक्लिक आम्ल बिनमहत्त्वाचे ठरले होते. येथे न मोजता आलेले, केवळ संभाव्य असे एक-दोन टक्के प्रथिन सर्व पुरावा संशयास्पद करण्यास पुरेसे ठरले. एकाच काळात, एकाच संस्थेच्या परिघात संशयाची अशी दोन वेगळी मापे वापरात होती.

१९५२ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्फ्रेड हर्शी व मार्था चेस यांनी जीवाणूंना ग्रासणाऱ्या 'टी-२' या विषाणूवर प्रयोग केला. प्रथिनात गंधक असते पण फॉस्फरस नसतो. डीएनएमध्ये फॉस्फरस असतो पण गंधक नसते. या फरकाचा उपयोग करून त्यांनी प्रथिनावर किरणोत्सारी गंधकाची आणि डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली. विषाणू जीवाणूंना चिकटल्यानंतर मिश्रण स्वयंपाकघरातील यंत्रासारख्या ब्लेंडरमध्ये घुसळले. तेव्हा गंधकाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग जीवाणूंपासून सुटून बाहेर आला, तर फॉस्फरसचा बहुतांश भाग जीवाणूंतच राहिला; आणि नव्या पिढीतील विषाणू तेथूनच निर्माण झाले.

येथे जीवाणूंबरोबर उरलेले प्रथिन एव्हरी यांच्या नमुन्यातील संभाव्य प्रथिनापेक्षा कितीतरी अधिक होते. तरीही हा प्रयोग तुलनेने लवकर स्वीकारला गेला. मधल्या आठ वर्षांत एर्विन शारगाफ यांच्या मोजमापांनी न्यूक्लिक आम्लातील घटकांची 'एकसारखी पुनरावृत्ती' ही कल्पना मोडीत काढली होती. पुराव्याइतकीच तो ऐकून घेण्याची तयारीही बदलली होती. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची द्विसर्पिल रचना मांडल्यावर ही तयारी पूर्ण झाली.

५. विषाणू सोडविणे आणि पुन्हा जुळविणे : १९५५–१९५७

तंबाखूच्या विषाणूबाबतचा निर्णय मात्र त्या विषाणूवरच व्हावा लागणार होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट व रॉब्ली विल्यम्स यांनी १९५५ मध्ये विषाणूचे प्रथिन व आरएनए वेगळे केले आणि ते पुन्हा एकत्र आणले. परीक्षानळीत पुन्हा दंडाकार कण तयार झाले आणि ते संसर्गक्षम होते. उल्लेखनीय गोष्ट अशी की, ही प्रयोगशाळा १९४८ मध्ये स्वतः स्टॅन्ली यांनी स्थापन केलेली होती. त्यांच्या १९३५ च्या निष्कर्षाची दुरुस्ती त्यांच्याच छत्राखाली झाली.

१९५६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आल्फ्रेड गीरर व गेरहार्ट श्रॅम यांनी, तसेच स्वतंत्रपणे फ्रेंकेल-कॉनराट यांनी, प्रथिनाविना केवळ आरएनए संसर्ग घडवू शकते, असे दाखविले. या संसर्गाची तीव्रता अखंड विषाणूच्या तुलनेत फार कमी होती. त्यामुळे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : हा संसर्ग नमुन्यात चुकून उरलेल्या काही अखंड विषाणूंचा तर नसेल? या वेळी शंकेचे उत्तर प्रयोगाने देण्यात आले. आरएनए तोडणारे विकर मिसळताच संसर्गक्षमता नाहीशी झाली, तर अखंड विषाणू त्या विकरास दाद देत नव्हता. उलट विषाणूविरोधी रक्तद्रवाने अखंड विषाणू निष्प्रभ होत असे, पण या आरएनएवर त्याचा परिणाम झाला नाही. म्हणजे संसर्ग करणारा घटक उरलेला विषाणू असणे शक्य नव्हते.

त्यानंतर फ्रेंकेल-कॉनराट व बिया सिंगर यांनी एका वाणाचे आरएनए व दुसऱ्या वाणाचे प्रथिन जोडून संकरित विषाणू तयार केले. रोपात जन्मलेल्या नव्या विषाणूंचे प्रथिन नेहमी आरएनए ज्या वाणाचे होते त्या वाणाचेच निघाले. वेष एकाचा आणि वंश दुसऱ्याचा, अशा या प्रयोगाने वंश कोणाकडे आहे हे निर्विवाद ठरविले. सहा टक्क्यांनी चौऱ्याण्णव टक्क्यांची जागा घेतली.

६. प्रथिनाच्या कार्याची फेरमांडणी

यामुळे विषाणूतील प्रथिन निरुपयोगी ठरले असे नव्हे. बर्नाल यांच्या बर्कबेक महाविद्यालयातील विभागात रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५३ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने मोझॅक विषाणूच्या रचनेचा अभ्यास केला. हा विषाणू साधारण ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर रुंद असा पोकळ दंड असून त्यात एकसारखे सुमारे २,१३० प्रथिन-घटक मळसूत्राप्रमाणे रचलेले असतात आणि आरएनएचा धागा या घटकांच्या आत रुतलेला असतो, हे चित्र फ्रँकलिन व त्यांच्या समकालीनांच्या कामातून स्पष्ट झाले. एप्रिल १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९६० मध्ये या प्रथिन-घटकातील १५८ अमिनो आम्लांचा क्रम बर्कली व ट्युबिंगेन येथील गटांनी प्रसिद्ध केला.

प्रथिन हे कवच आहे. ते न्यूक्लिक आम्लाचे रक्षण करते, यजमान पेशी ओळखते आणि प्रवेश मिळवून देते, असे कार्यविभाजन यानंतर सर्वमान्य झाले. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी, तसेच डेव्हिड बाल्टिमोर यांनी, कर्करोगकारक आरएनए-विषाणूंच्या कणांत आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर शोधले. विषाणू आपल्याबरोबर कार्यक्षम प्रथिनेही वाहून नेतो, हे त्यातून ठळक झाले. २०२० नंतरच्या कोविड महासाथीत याच कार्यविभाजनाचा प्रत्यय लशींच्या रूपाने आला. पुण्यात निर्मिती झालेल्या 'कोविशिल्ड' लशीत विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचे जनुक एका निरुपद्रवी वाहक विषाणूत घातलेले होते. 'कोव्हॅक्सिन'मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला संपूर्ण विषाणू निष्क्रिय करून वापरला होता. पहिली लस माहिती पुरविते आणि प्रथिन शरीराकडून करवून घेते, तर दुसरी तयार प्रथिनेच शरीरापुढे ठेवते.

विषाणूंच्या अभ्यासातून पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांचाही शोध लागला. कोंबड्यांतील 'राउस सार्कोमा' विषाणूचे कर्करोगकारक जनुक मुळात निरोगी पेशीतीलच आहे, हे १९७६ मध्ये डॉमिनिक स्टेहेलिन, हॅरॉल्ड व्हार्मस, मायकेल बिशप व पीटर व्होग्ट यांनी दाखविले. रोगाचे बीज बाहेरून आलेलेच असते या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. असाच, किंबहुना अधिक मोठा धक्का मेंढ्यांच्या एका जुन्या रोगाने दिला.

७. स्क्रेपी आणि कुरू

मेंढ्यांना होणारा 'स्क्रेपी' हा रोग युरोपात अठराव्या शतकापासून ज्ञात आहे. रोगी मेंढी असह्य खाजेने अंग घासत राहते, तिचा तोल जातो आणि शेवटी ती मरते. १९३६ मध्ये फ्रान्समधील क्युई व शेल यांनी हा रोग टोचणीने एका मेंढीतून दुसरीत जातो, मात्र लक्षणे दिसण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो, असे सिद्ध केले. स्कॉटलंडमध्ये १९३५ मध्ये मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका रोगावर मेंढ्यांच्या मेंदूपासून लस तयार करण्यात आली होती. त्यातील सुमारे १८,००० मात्रांची एक खेप स्क्रेपीने दूषित निघाली आणि साधारण दोन वर्षांनंतर लस दिलेल्या मेंढ्यांत तो रोग उद्भवला. लशीतील विषाणू मारण्यासाठी वापरलेल्या फॉर्मालिनला या रोगकारकाने दाद दिली नव्हती.

मानवातील समांतर उदाहरण न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात आढळले. फोरे जमातीतील 'कुरू' या रोगाचे वर्णन कार्लटन गाजडुसेक व व्हिन्सेंट झिगास यांनी १९५७ मध्ये केले. रुग्णांत स्त्रिया व मुले यांचे प्रमाण फार मोठे होते. अंत्यविधीत मृत नातेवाइकांचे शरीर ग्रहण करण्याच्या प्रथेशी त्याचा संबंध असल्याचे पुढे मानववंशशास्त्रज्ञ शर्ली लिंडेनबॉम व रॉबर्ट ग्लास यांच्या क्षेत्रीय अभ्यासातून स्पष्ट झाले. १९५९ मध्ये पशुवैद्यक विल्यम हॅड्लो यांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून कुरू व स्क्रेपी या रोगांतील मेंदूच्या विकृतीचे साम्य निदर्शनास आणले आणि वानरांवर प्रयोग करण्याचे सुचविले. १९६६ मध्ये चिंपांझींत कुरूचा संसर्ग सिद्ध झाला. कारक मात्र 'मंदगती विषाणू' असावा, असेच गृहीत धरले गेले.

८. प्रथिनाचे पुनरागमन : प्रायॉन

या गृहीतकाला पहिले आव्हान लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून मिळाले. टिक्वा आल्पर व सहकाऱ्यांनी १९६६-६७ मध्ये स्क्रेपीच्या कारकावर किरणांचा मारा केला. न्यूक्लिक आम्ल निकामी करणाऱ्या अतिनील किरणांचा त्यावर अपेक्षित परिणाम झाला नाही आणि त्याचा अंदाजित आकार कोणत्याही ज्ञात विषाणूपेक्षा लहान निघाला. १९६७ मध्ये गणिती जे. एस. ग्रिफिथ यांनी 'नेचर'मध्ये प्रथिन स्वतःसारखे रूप दुसऱ्या प्रथिनात कसे उत्पन्न करू शकेल याच्या सैद्धांतिक शक्यता मांडल्या. ज्यांनी माहितीचा प्रवाह न्यूक्लिक आम्लाकडून प्रथिनाकडे जातो असा सिद्धांत दिला त्या फ्रान्सिस क्रिक यांनीही १९७० च्या लेखात स्क्रेपीचा उल्लेख एक न सुटलेला प्रश्न म्हणून केला, ही बाब लक्षणीय आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील स्टॅन्ली प्रुसिनर यांनी अनेक वर्षे स्क्रेपीच्या कारकाचे शुद्धीकरण करून एप्रिल १९८२ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यास 'प्रायॉन', म्हणजे प्रथिनमय संसर्गी कण, असे नाव दिले. प्रथिन नष्ट करणाऱ्या प्रक्रियांनी त्याची शक्ती कमी होत होती, न्यूक्लिक आम्ल नष्ट करणाऱ्या प्रक्रियांनी होत नव्हती. आक्षेप लगेच आला आणि तो परिचित होता : नमुन्यात न्यूक्लिक आम्लाचा अत्यल्प अंश लपून राहिला असला पाहिजे. १९४४ मध्ये डीएनएच्या नमुन्यात प्रथिनाचा अंश शोधला जात होता. १९८२ मध्ये प्रथिनाच्या नमुन्यात न्यूक्लिक आम्लाचा. संशयाचे स्वरूप तेच होते, फक्त दिशा उलटली होती.

१९८५ मध्ये चार्ल्स वाइसमान व प्रुसिनर यांच्या गटांनी, तसेच ब्रूस चेसब्रो यांच्या गटाने, या प्रथिनाचे जनुक यजमान प्राण्याच्या स्वतःच्याच पेशीत असल्याचे दाखविले. निरोगी प्राण्यांतही ते कार्यरत असते. रोगी व निरोगी प्रथिनांत अमिनो आम्लांचा क्रम तोच असून फरक घडीचा, म्हणजे त्रिमितीय रचनेचा आहे. चुकीची घडी पडलेला रेणू योग्य घडीच्या रेणूंना आपल्यासारखे करून घेतो, हे तत्त्व पुढे आले. निर्णायक प्रयोग १९९३ मध्ये झाला. वाइसमान यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रेपीचा संसर्ग देण्यात आला, तरी ते आजारी पडले नाहीत. असे उंदीर प्रथमदर्शनी निरोगी वाटत. मात्र त्यांच्या परिघीय चेतातंतूंवरील आवरणाचा वयानुसार ऱ्हास होतो, असे २०१० मध्ये दिसून आले. म्हणजे या प्रथिनाचे निरोगी पेशीतही कार्य आहे. १९९७ मध्ये प्रुसिनर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३५ मधील 'स्वतःची निर्मिती स्वतः घडवून आणणारे प्रथिन' ही कल्पना येथे वेगळ्या अर्थाने खरी ठरली. प्रायॉन नवे प्रथिन तयार करीत नाही. पेशीने आपल्या जनुकावरून तयार केलेल्या प्रथिनाची केवळ घडी बदलतो. प्रथिनाची निर्मिती न्यूक्लिक आम्लाकडेच राहते, रोग मात्र प्रथिनाकडून प्रथिनाकडे जातो. २०१० मध्ये जीवाणूंत तयार केलेल्या प्रथिनापासून परीक्षानळीत संसर्गी प्रायॉन निर्माण करण्यात आला. त्यासाठी मेद पदार्थ व निरोगी उंदराच्या यकृतातील आरएनए वापरावे लागले. पण तेथे आरएनएची भूमिका साहाय्यकाची होती, रोगाच्या माहितीवाहकाची नव्हती.

९. वादाची मानवी किंमत

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. निर्जंतुकीकरणाच्या प्रचलित पद्धती जीवाणू व विषाणू डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या होत्या. उकळणे, फॉर्मालिन, अतिनील किरण या उपायांना प्रायॉन पुरेशी दाद देत नाही. वाढ खुंटलेल्या मुलांना मृत व्यक्तींच्या पीयूष ग्रंथीतून काढलेले वृद्धिसंप्रेरक दिले जात असे. १९८५ मध्ये त्यातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग होत असल्याचे लक्षात आल्यावर ते थांबविण्यात आले. तोवर दिल्या गेलेल्या औषधाने जगभरात दोनशेहून अधिक व्यक्तींचा बळी घेतला. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गुरांतील 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला. जनावरांच्या अवशेषांपासून बनविलेल्या खाद्यातून तो पसरला होता. १,८०,००० हून अधिक गुरांत तो निश्चित झाला आणि मार्च १९९६ मध्ये मानवी संसर्गाची शक्यता शासनाने जाहीर केली. त्या देशात या प्रकाराने १७८ जणांचा मृत्यू झाला. कुरूने १९५७ नंतर घेतलेल्या बळींची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. स्कॉटलंडमधील दूषित लशीचा धडा या सर्वांच्या कितीतरी आधी उपलब्ध होता. तो पशुवैद्यकाच्या चौकटीबाहेर पुरेसा पोहोचला नाही.

निष्कर्ष

१) विषाणूतील प्रथिनाविषयीची समजूत 'संसर्गाचे आधारद्रव्य' येथून 'संरक्षक, प्रवेशकर्ता व कार्यकर्ता' येथे १९३५ ते १९५७ या काळात स्थिरावली. १९८२ नंतर प्रायॉनच्या मर्यादित क्षेत्रात प्रथिन पुन्हा संसर्गाचे वाहक ठरले.

२) मोजमापे बहुधा बरोबर होती, त्यांना दिलेले महत्त्व चुकले. १९३६ मध्ये नोंदविलेले सहा टक्के न्यूक्लिक आम्ल वीस वर्षे दुय्यम मानले गेले, तर १९४४ मध्ये न आढळलेले प्रथिन निर्णायक मानले गेले.

३) पदार्थ शुद्ध करून हा प्रश्न सुटला नाही. घटक वेगळे करून पुन्हा जुळविणे, एकाचे आरएनए दुसऱ्याच्या प्रथिनात घालणे, जनुक काढून टाकणे, अशा प्रयोगांनीच तो सोडविला.

४) नाकारलेली कल्पना पूर्णतः टाकाऊ असते असे नाही. स्टॅन्ली यांची कल्पना त्यांच्या विषाणूबाबत चुकली, परंतु तिचा गाभा दुसऱ्या रोगात सत्य ठरला.

५) पशुवैद्यक, मानववंशशास्त्र, गणित, किरणशास्त्र व रसायनशास्त्र यांपैकी एकाही शाखेला हा प्रश्न एकटीने सोडविता आला नाही. पशुवैद्यकाच्या एका पत्राने मानवी रोगाचे संशोधन योग्य मार्गावर आणले. आणि पशुवैद्यकाचाच एक इशारा इतर शाखांपर्यंत वेळेवर न पोहोचल्याची किंमत माणसांना मोजावी लागली. महाविद्यालयीन अध्यापनात विज्ञानाचा इतिहास शिकविताना शोधांची यादी देण्याबरोबरच अशा विलंबांची कारणेही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे त्यामुळे आवश्यक ठरते.